डावं पाणी, उजवं पाणी

परभणीच्या स्टँडवर गंगाखेडची गाडी
तेव्हाही वेळेवर लागत नसे.
फलाटाच्या टोकाला, कडुनिंबाखाली
मालनबीचे चार रांजण,
ओल्या गोणपाटात गुंडाळलेले,
आणि खोडाला साखळीनं बांधलेलं एक पितळी ओगराळं.

मावशी, दिवसाला किती माणसं पितात?
नववीत होतो. जे दिसेल ते मोजायचो,
उरुसात तर पाळण्याचे फेरेसुद्धा.

तिनं ओला हात माझ्या तोंडावर ठेवला.
मोजू नगं बाबा.
मोजण्यापायी एक पृथ्वी गेली.
आपली न्हवं. दुसरी.

आणि गोणपाट पिळत तिनं वर बोट केलं,
जिथं भर दुपारी
काहीच दिसत नव्हतं.

तिकडं म्हनं दोन फौजांची लढाई लागलेली.
कशावरून, ते कुणाच्या पणजोबालाही ठाऊक नाही.
एका चांदणीपासून दुसरीपर्यंत जायला
माणसाची तीन आयुष्यं लागायची,
म्हणून आजा हत्यार उपसायचा
आणि नातू वार करायचा.
मधोमध, बरोब्बर मधोमध
पाण्याचा एकच गोळा.

एक फौज त्याला डावं पाणी म्हणायची,
दुसरी उजवं पाणी.
तिथं राहणारे नुसतं ‘हितं’ म्हणायचे.

हत्यार दाराबाहेर खुंटीला टांगायचं.
नाव कुणी कुणाला विचारायचं नाही.
सातशे वर्षं दोन्हीकडची पोरं
एकाच ओगराळ्यानं वरून धार धरून प्याली,
ओठ न लावता, ढेकर देत,
आणि बाहेर जाऊन पुन्हा एकमेकांना मारत राहिली.
ते काय पाण्याच्या हातात नव्हतं, मालनबी म्हणाली.

मग?

मग एका पाणक्याला हिशोबाची हौस आली.
वाईट नव्हता हां तो.
रांजण कधी भरावा ते कळावं, एवढंच.
जो पिईल त्याच्या नावानं नाही, नुसती
भिंतीवर कोळशाची रेघ.
डावीकडून आलेल्याची डावीकडं,
उजवीकडच्याची उजवीकडं.

एकदा एक म्हातारा सरदार प्याला,
मिशा पुसल्या,
आणि भिंतीकडं बघतच राहिला.
उजवीकडच्या रेघा विरळ होत चालल्या होत्या.
बोलला काहीच नाही.
खुंटीवरचं हत्यार घेताना
पाणक्याला त्यानं वाकून सलाम केला म्हनं.

त्याच्या नातवानं
सातशे वर्षांची लढाई एका दुपारीत आटोपली.

आणि पाणक्या?

त्यो रेघा पुसत बसला.
कोळसा पुसला तर भिंत काळी होती, बाबा.
उजवीकडून कुणी आलंच नाही.
डावीकडच्यांना आता घाई नव्हती,
तहान घरीच भागत होती.
ज्या पाण्यावर कुणी येत नाही
त्या पाण्याचं जे होतं, ते झालं.

पुढं नगरपालिकेचा माणूस रजिस्टर घेऊन आला.
रोजची संख्या लिहा, अनुदान बसतंय.
मालनबी म्हणाली, अंगठा देते,
आकडा देत न्हाई.
तो हसला, चार ओगराळी पाणी प्याला आणि गेला.
अनुदान जिंतूर रोडच्या पाणपोईला मिळालं.

परवा वीस वर्षांनी उतरलो.
तिथं आता पाण्याचं एटीएम आहे,
रुपया टाकला की लिटर,
वर लाल दिव्यांचे आकडे पळतात.
कडुनिंब आहे. त्याच्या सालीत
साखळीच्या दोन कड्या रुतल्यात,
झाड त्यांच्यावरून वाढलंय.

रुपया हातात धरून उभा राहिलो बराच वेळ.
मागचा म्हणाला, घ्या की राव, नाहीतर सरका.
घेतलं.
चारशे बाराचे चारशे तेरा झाले.

ओठ न लावता प्यालो, सवयीनं.
मागं गंगाखेडची गाडी लागली होती
आणि दारात उभा राहून कंडक्टर
बोटानं हवेत
माणसं मोजत होता.